स्विमिंग पूलचा गॅस हीटर: आधी पाणी तपासा, मग गॅस

हीटर पेटेनासा झाला की पहिला हात गॅसच्या कॉककडे जातो. बहुतेक वेळा दोष तिथे नसतोच. एकतर पाण्याचा प्रवाह कमी पडलेला असतो, नाहीतर पाण्यातल्या रसायनांचं गणित चुकलेलं असतं. म्हणून तपासणी पाण्यापासून सुरू करायची आणि गॅसकडे शेवटी वळायचं. गॅस व्हॉल्व्ह, बर्नर आणि गॅसचा दाब यांना हात लावणं हे परवानाधारक तंत्रज्ञाचं काम. बाकीचं बरंचसं पूल सांभाळणाऱ्याला करता येतं.

हीटर पेटतो तो ठरलेल्या क्रमाने. थर्मोस्टॅट उष्णता मागतो. पाणी वाहतंय याची खात्री प्रेशर स्विच देतो आणि हाय-लिमिट स्विच पाणी जास्त तापलेलं नाही हे सांगतात. मग ब्लोअर असलेल्या मॉडेलमध्ये ब्लोअर फिरतो, इग्नायटर लाल होतो किंवा ठिणगी देतो, गॅस व्हॉल्व्ह उघडतो आणि फ्लेम सेन्सरला ज्योत दिसली तरच तो उघडा राहतो. हीटर कुठल्या पायरीवर अडतो ते शेजारी उभं राहून कान देऊन ऐका. डिस्प्लेवरचा कोड टिपून घ्या, पण त्याचा अर्थ त्याच मॉडेलच्या पुस्तिकेत बघा. प्रत्येक कंपनीचे कोड वेगळे असतात.

"चालू आहे, पण पाणी तापत नाही"

या तक्रारीत अनेकदा बिघाड नसतोच, अपेक्षा चुकलेली असते. 1 लिटर पाणी 1 अंश सेल्सियसने तापवायला 1 किलोकॅलरी लागते. 50,000 लिटरचा पूल 1 अंशाने तापवायला सुमारे 58 युनिट, म्हणजे किलोवॅट-तास, ऊर्जा हवी. ताशी 4 लाख बीटीयूचा हीटर म्हणजे साधारण 117 किलोवॅट. कार्यक्षमता 82 टक्के धरली तर पाण्याला 96 किलोवॅट मिळतात. म्हणजे एका अंशाला 36 मिनिटं आणि 18 वरून 28 अंशांवर जायला सहा तास, तेही वाटेत काहीच उष्णता वाया गेली नाही तर. उघड्या पूलमधली सर्वात जास्त उष्णता बाष्पीभवनातून जाते. वारा असताना कव्हर न घालता हीटर चालवला, तर या हिशेबाला काही अर्थ उरत नाही.

हीटरमधून बाहेर पडणारा पाइप हाताला कोमटच लागतो, त्यानेही लोक गोंधळतात. वरच्याच हीटरमधून मिनिटाला 200 लिटर पाणी जात असेल, तर आत येणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या पाण्यात फक्त 7 अंशांचा फरक पडतो. कोमट पाइप हे तब्येत ठीक असल्याचं लक्षण. पाइप चटका देत असेल तर पाणी कमी वाहतंय.

प्रवाह

घरगुती हीटरना मॉडेलनुसार मिनिटाला किमान 75 ते 150 लिटर प्रवाह लागतो. नेमका आकडा पुस्तिकेत असतो. वीज वाचवण्यासाठी व्हेरिएबल स्पीड पंपाचा वेग उतरवला आणि दुसऱ्या दिवसापासून हीटर बंद, हा प्रकार फार सामान्य आहे.

आधी स्किमरची, म्हणजे पूलच्या काठाशी वरचं पाणी आणि कचरा ओढून घेणाऱ्या तोंडाची, टोपली आणि पंपाची जाळी साफ करा. पूलमधलं पाणी स्किमरच्या तोंडाच्या निम्म्यापर्यंत आहे ना ते बघा. त्याखाली गेलं तर पंप हवा ओढतो. फिल्टर स्वच्छ असतानाचा दाब गेजजवळ लिहून ठेवा. दाब त्याहून 0.5 ते 0.7 बार वाढला की बॅकवॉश घ्या, म्हणजे पाणी उलट्या दिशेने सोडून फिल्टर धुवा, किंवा कार्ट्रिज धुवा. बॅकवॉशच्या वेळी हीटर बंद हवा आणि नंतर पाण्याची वाट बदलणारा मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह परत 'फिल्टर'वर आणायला विसरू नका.

हे सगळं ठीक असूनही हीटर "पाणी नाही" म्हणत असेल तर प्रेशर स्विच बघा. त्याच्याकडे जाणारी बारीक तांब्याची नळी गाळाने तुंबते. स्विचला प्रवाह कळत नाही, फक्त दाब कळतो, ही त्याची मर्यादा लक्षात ठेवा. हीटर पूलच्या पातळीच्या खाली बसवला असेल, तर पंप बंद असतानाही वरच्या पाण्याच्या वजनाने स्विच जुळलेला राहू शकतो. म्हणून दर हंगामात एक चाचणी घ्या: हीटर पेटलेला असताना पंप बंद करा. बर्नर लगेच विझला पाहिजे. विझला नाही तर स्विचची सेटिंग बदलेपर्यंत हीटर वापरू नका. स्विचला वायर जोडून तो टाळण्याचा "जुगाड" तर अजिबात नको. पाण्याविना पेटलेला हीटर हेडर (नळ्यांच्या टोकाचा पाणी आत-बाहेर नेणारा भाग) आणि जवळचे पीव्हीसी पाइप वितळवतो.

पाणी उकळी फुटण्याआधी भांड्यात गुणगुणतं तसा आवाज हीटरमधून येत असेल, तर हीट एक्स्चेंजरच्या, म्हणजे ज्योतीची उष्णता पाण्याला देणाऱ्या भागाच्या, नळ्यांत पाणी जागच्या जागी उकळतंय. कारणं दोन: नळ्यांत क्षार साठलेत, किंवा हेडरमधला स्प्रिंगचा बायपास व्हॉल्व्ह उघडाच अडकलाय आणि पाणी नळ्या टाळून परस्पर निघून जातंय. प्रवाह भरपूर असताना हाय-लिमिट स्विच वारंवार हीटर बंद पाडत असेल तर या बायपासवर पहिला संशय घ्या. स्प्रिंग गंजते. भाग किरकोळ असतो, पण लक्ष न दिल्यास पूर्ण एक्स्चेंजर जातो.

रसायन

एक्स्चेंजर तांब्याचा किंवा तांबं-निकेलच्या मिश्रधातूचा असतो आणि हीटरमधला सर्वात महाग भाग तोच. त्याच्यासाठी पीएच 7.4 ते 7.6, क्षारता 80 ते 120 पीपीएम आणि कॅल्शियम कठीणता 200 ते 400 पीपीएम ठेवा.

पीएच खाली गेला की पाणी तांबं खातं. पूलच्या भिंतींवर निळसर-हिरवे डाग दिसू लागले तर ते तांबं एक्स्चेंजरमधून आलंय असं समजा. यातला मोठा गुन्हेगार म्हणजे स्किमरमध्ये टाकलेल्या ट्रायक्लोर (क्लोरिनच्या) गोळ्या. त्या विरघळलेल्या पाण्याचा पीएच 3 च्या आसपास असतो. पंप रात्रभर बंद राहिला की हे आम्ल साचतं आणि सकाळी पंप सुरू होताच आख्खा घोट हीटरमध्ये जातो. क्लोरिनेटर (पाण्यात क्लोरिन सोडणारं यंत्र) हीटरच्या पुढे, म्हणजे पाणी हीटरमधून बाहेर पडल्यानंतर हवा, आणि दोघांच्या मध्ये पाणी उलटं येऊ न देणारा चेक व्हॉल्व्ह हवा.

उलट पीएच आणि कठीणता वाढली की क्षार बसतात. कॅल्शियम कार्बोनेट गरम पाण्यात कमी विरघळतं, त्यामुळे ते सर्वात आधी सर्वात तापलेल्या जागी, म्हणजे नळीच्या आतल्या भिंतीवर चिकटतं. थर पातळ असला तरी उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही आणि धातू जास्त तापतो.

ज्योत आणि काजळी

ज्योत निळी आणि स्थिर हवी. पिवळी, आळसावलेली ज्योत म्हणजे हवा कमी पडतेय. खालच्या हवेच्या जाळ्या पालापाचोळ्याने भरल्यात का, आणि वरचं धुराडं मोकळं आहे का, ते बघा. बर्नरच्या तोंडाशी कोळ्यांची जाळी होतात, विशेषतः हीटर काही महिने बंद राहिला असेल तर. एक्स्चेंजरच्या नळ्यांवरच्या पातळ पत्र्यांवर (फिन्सवर) काजळी दिसली तर हीटर ताबडतोब बंद करा, कारण अशा ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. काजळी कोरडी असताना तारेच्या ब्रशने खरवडू नका. एखाद्या ठिणगीने ती पेट घेते. आधी पाण्याच्या बारीक फवाऱ्याने ओली करा. हीटरच्या दाराभोवतीचा रंग जळलेला दिसला तर ज्वाळा बाहेर येतायत. तंत्रज्ञाने तपासल्याशिवाय पुन्हा पेटवायचा नाही.

ज्योत लागते आणि काही सेकंदांत विझते, तेव्हा फ्लेम सेन्सरवर थर साठलेला असतो किंवा अर्थिंग ढिलं असतं. वीज आणि गॅस बंद करून सेन्सरची दांडी बारीक स्टील वूलने पुसा. इग्नायटर मात्र बोटांनी धरू नका. त्याची पात ठिसूळ असते आणि हाताचं तेल लागलं की लवकर तडकते.

इग्नायटर लाल होतो पण ज्योतच लागत नाही, असं असेल तेव्हाच गॅसकडे या. तंत्रज्ञाला दाब हीटर आणि घरातली बाकी गॅस उपकरणं चालू असताना मोजायला सांगा. बंद अवस्थेतला दाब छान दिसतो. पाइप बारीक असेल तर हीटर पेटताच दाब कोसळतो. एलपीजीवर थंडीत हीटर वीसेक मिनिटं चालून मंदावत असेल, तर टाकीतलं द्रव तेवढ्या वेगाने वायू बनत नाहीये. टाकी मोठी हवी. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, म्हणून पेटवण्याआधी वास जमिनीलगत घ्या. वास आला तर कॉक बंद करा, कुठलंही बटण दाबू नका, लांब जाऊन मदत बोलवा.

खालून टपकतंय

पाणी थंड असताना धुरातली वाफ एक्स्चेंजरवर गार होऊन पाणी बनते आणि खाली थेंब पडतात. गळती की दव हे ओळखायला बर्नर बंद करून पंप चालू ठेवा. पंधरा-वीस मिनिटांत टपकणं थांबलं तर दव. चालूच राहिलं तर गॅस्केट, ड्रेन प्लग किंवा नळी गळतेय.

गोठणाऱ्या थंडीच्या प्रदेशात हंगाम संपताना गॅस आणि वीज बंद करा, दोन्ही हेडरचे ड्रेन प्लग काढा, प्रेशर स्विचची नळी सोडून ती रिकामी करा आणि उरलेलं पाणी कमी दाबाच्या हवेने फुंकून काढा. काढलेले प्लग पिशवीत घालून हीटरच्या दारालाच आतून बांधा, म्हणजे पुढच्या वर्षी शोधावे लागत नाहीत.