ब्लड कॅन्सर कळल्यावर पहिला महिना कसा सांभाळायचा

ब्लड कॅन्सर म्हटलं की घरचे आधी विचारतात पेशंट किती वर्षं काढेल. मी म्हणेन आधी पहिला महिना नीट काढा. ॲक्यूट ल्युकेमियात, म्हणजे झपाट्याने वाढणाऱ्या ब्लड कॅन्सरमध्ये, जिवाला सगळ्यात जास्त धोका पहिल्या 30 दिवसांतच असतो, कारण बहुतेक वेळा इन्फेक्शन नाहीतर ब्लीडिंग, आणि या दोन्हीत घरच्यांनी किती पटकन हालचाल केली याने खरंच जीव वाचतो.

सुरुवात निदानापासूनच. मुंबईत पावसाळ्यात ताप आला आणि प्लेटलेट्स 40 हजारांवर आल्या की सगळे डेंग्यू धरून चालतात, पपईच्या पानांचा रस सुरू होतो. डेंग्यूत प्लेटलेट्स साधारण आठवडा-दहा दिवसांत वर येतात. येत नसतील, सोबत हिमोग्लोबिनही घसरलं असेल, पांढऱ्या पेशी एकदम वाढल्या असतील तर फॅमिली डॉक्टरांना सांगून पेरिफेरल स्मिअर (रक्ताचा थेंब काचेवर पसरून केलेली तपासणी) करून घ्या, नुसता मशीनचा सीबीसी नको, पॅथॉलॉजिस्टने स्लाइड स्वतः बघायला हवी.

रिपोर्टवर एपीएल किंवा एएमएल एम3 (एकाच ॲक्यूट ल्युकेमियाची दोन नावं) असा नुसता संशय जरी लिहिला असेल तरी त्याच दिवशी ॲडमिट व्हायचं, सोमवारची वाट बघायची नाही. यात रक्त गोठायची यंत्रणाच बिघडते, मेंदूत ब्लीडिंग होऊन धडधाकट माणूस जातो, आणि खरं तर हा ल्युकेमियातला सगळ्यात चांगला बरा होणारा प्रकार आहे. एटीआरए नावाच्या गोळ्या जेनेटिक रिपोर्ट यायच्या आधीच, संशयावर सुरू करतात. पांढऱ्या पेशी 10 हजारांच्या वर असतील तर रिस्क अजून जास्त. बरा होऊ शकणारा माणूस फक्त फाइल इकडून तिकडे फिरवण्यात गेला तर त्याचं दुःख कशानेच भरून निघत नाही, म्हणून हे एवढं ठासून सांगतोय.

आपल्या पेशंटला धोका किती हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. वय 60 च्या पुढे, आधीपासून हार्ट, किडनी किंवा फुप्फुसाचा त्रास, कंट्रोलमध्ये नसलेली शुगर, रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रोटीन कमी, किडनीच्या टेस्टमधलं क्रिएटिनिन वाढलेलं, दिवसातला बराच वेळ अंथरुणावर, हे सगळं धोका वाढवतं. पांढऱ्या पेशी एक लाखाच्या वर आणि दम लागतोय, धुरकट दिसतंय, गुंगी येतेय तर ती इमर्जन्सी. वयस्कर आई-बाबांना जोरदार किमो झेपेल का, की ॲझासिटिडीन-व्हेनेटोक्लॅक्ससारखी थोडी सौम्य ट्रीटमेंट बरी, हे विचारायला संकोच करू नका.

आता ताप. हा भाग घरातल्या प्रत्येकाला पाठ पाहिजे. किमोनंतर न्यूट्रोफिल, म्हणजे इन्फेक्शनशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, 500 च्या खाली जातात तेव्हा लढायला शरीरात कोणी नसतं. थर्मामीटरवर 100.4 च्या वर आकडा टिकून राहिला की निघायचं, रात्रीचे दोन वाजले असले तरी, क्रोसिन देऊन सकाळपर्यंत बघू हे अजिबात नको, कारण ताप उतरतो आणि इन्फेक्शन आत वाढत राहतं. कॅज्युअल्टीत पहिलं वाक्य हेच बोला: किमो चालू आहे, काउंट लो आहेत, ताप आलाय. पोचल्यापासून तासाभरात ॲंटिबायोटिक शिरेतून जायला हवं. स्टेरॉइड चालू असेल तर ताप येणारही नाही, नुसती हुडहुडी, बीपी कमी, बडबड किंवा सुस्ती, तरीही निघायचं. डिस्चार्ज कार्ड, शेवटचा सीबीसी आणि किमोची तारीख लिहिलेला कागद एका पिशवीत घालून दाराजवळच्या खिळ्याला लटकवून ठेवा.

विरार-बदलापूरला राहणाऱ्यांनी हा महिना हॉस्पिटलच्या जवळ काढावा, रात्री लोकल बंद असते. टाटा कॅन्सर हॉस्पिटलचे पेशंट असाल तर तिथल्या सोशल वर्करला राहायच्या सोयीबद्दल विचारा, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेतही कॅन्सर पेशंट राहतात.

ब्लीडिंगसाठी रोज आंघोळीच्या वेळी नडग्या बघा. बारीक लाल ठिपके, जे काचेच्या ग्लासने दाबले तरी जात नाहीत, दिसले तर लगेच फोन करा. अचानक जोरात डोकं दुखून उलटी झाली तर फोन नको, थेट कॅज्युअल्टी. डिस्प्रिन, कॉम्बिफ्लॅम बंद, कंबरेत इंजेक्शन बंद, ब्रश मऊ, पोट साफ राहील हे बघा. मायलोमा या ब्लड कॅन्सरच्या प्रकारात पेशंटची हाडं दुखतात म्हणून घरातली पेनकिलर देतात, तिने किडनी जाऊ शकते.

घरात पाणी उकळून प्यायचं, कापून ठेवलेली फळं आणि बाहेरची चटणी नको. ओल आलेल्या भिंतीच्या खोलीत पेशंटला झोपवू नका, बिल्डिंगचं रिपेअर चालू असेल तर खिडक्या बंद, बुरशीचं इन्फेक्शन त्यातूनच येतं.

आणि प्लेटलेट्सचे डोनर आजच शोधायला घ्या. पिशवी 5 दिवसच टिकते म्हणून साठवून ठेवता येत नाही, एसडीपीला (एकाच डोनरकडून मशीनने घेतलेल्या प्लेटलेट्स) डोनरला तास-दीड तास मशीनवर बसावं लागतं आणि आधीचे तीन दिवस त्याने ॲस्पिरिन घेतलेली चालत नाही. सोसायटी, ऑफिस, गणपती मंडळ सगळीकडे विचारून यादी करा, पण पुढे बोन मॅरो ट्रान्सप्लांटची शक्यता असेल तर सख्ख्या भावंडांना डोनर म्हणून उभं करायच्या आधी डॉक्टरांशी बोला.