सर्फबोर्डची फिन घरी बनवून नीट टेस्ट कशी करायची

बोर्ड तोच ठेवून नुसती फिन, म्हणजे बोर्डाच्या तळाला मागच्या बाजूला असलेलं उभं पातं, बदलली तरी बोर्ड एकदम वेगळा वागतो, त्यामुळे नव्या बोर्डासाठी पैसे साठवत बसण्याआधी एक फिन स्वतः करून बघा असं मी मनापासून सांगतो. १९३५ मध्ये हवाईत टॉम ब्लेकने जुन्या स्पीडबोटीची कील, म्हणजे तळाची उभी पट्टी, काढून बोर्डाखाली बसवली तिथून हे सुरू झालं, आणि १९८१ मध्ये सिडनीच्या सायमन अँडरसनने तीन फिन्सचा थ्रस्टर आणून त्याच बोर्डावर ऑस्ट्रेलियातल्या बेल्स बीचची सर्फिंग स्पर्धा जिंकली.

सुरुवात लाँगबोर्डच्या, म्हणजे लांब सर्फबोर्डच्या, सिंगल फिनने करा. एकच फिन, दोन्ही बाजू सारख्या, आणि बॉक्समध्ये, म्हणजे बोर्डाच्या तळातल्या फिन बसवायच्या खाचेत, ती पुढे-मागे सरकवता येते.

आवडत्या फिनची आउटलाइन कागदावर उतरवा आणि तिच्यात एकच गोष्ट बदला. टोक मागे जास्त झुकवलं तर वळण लांब आणि मोठं येतं, उभं ठेवलं तर बोर्ड जागच्या जागी पटकन फिरतो. उंची वाढवली की पकड वाढते. पण झुकाव, उंची, जाडी सगळं एकदम बदललंत तर फरक कशामुळे पडला हे कधीच कळणार नाही.

मरीन प्लाय घ्या. बॉक्सची रुंदी कॅलिपरने मोजा, वरून फायबरग्लास चढला की जाडी वाढते ती आधीच वजा करा. आउटलाइन कापली की कानस आणि सँडपेपरने फॉइल, म्हणजे फिनच्या जाडीचा विमानाच्या पंखासारखा उतार, काढायचा, सगळ्यात जाड भाग पुढच्या कडेपासून साधारण ३० ते ३५ टक्क्यांवर, पुढची कड गोल, मागची बारीक, पण सुरीसारखी नको, पडलात तर मांडी फाटेल. इथे प्लायच खूप मदत करतो, घासत जाल तसे थर उघडे पडतात आणि नकाशावर डोंगराच्या उंचीच्या रेषा असतात तशा रेषा दिसायला लागतात, दोन्ही बाजूंच्या रेषा जुळल्या की फॉइल सारखा झाला समजायचं. मला हा भाग सगळ्यात आवडतो, घाई करू नका. मग इपॉक्सी रेझिन लावून त्यावर फायबरग्लासचं कापड चढवा. मास्क घालाच, ती धूळ फुफ्फुसात गेलेली चांगली नाही.

पाण्यात जायच्या आधी फिनचा बुडखा शिकंजात धरून टोकाला २ किलो वजन लटकवा आणि टोक किती मिलिमीटर वाकतं ते लिहून ठेवा, जुन्या फिनचंही तसंच मोजा.

आता टेस्ट. तोच बोर्ड, तोच बीच, भरती-ओहोटी शक्यतो सारखी, बॉक्समध्ये फिनची जागा खूण करून तीच, आणि प्रत्येक फिनवर निदान १० लाटा. दोन्ही फिन्स एकाच रंगात रंगवा आणि कुठली लावली ते मित्राला ठरवू द्या, तुम्ही बोर्डाखाली बघू नका, कारण आपण स्वतः घासून केलेली फिन मनाला चांगलीच वाटते हो. जीपीएस घड्याळाचा टॉप स्पीड लाटेगणिक बदलतो, एका आकड्यावर जाऊ नका. बाहेर आल्या आल्या फोनवर बोलून ठेवा, वळताना शेपूट सुटली का, सरळ जाताना बोर्ड डगमगला का.

वेगात फिन गुणगुणायला लागली तर मागच्या कडेला पाणी एका लयीत सुटून ती थरथरतेय, ती कड एका बाजूने तिरकी घासा आणि परत पाण्यात न्या.