तीन सुती साड्यांची एक गोधडी आणि उरलेल्यातून एक दुपटं

गोधडी बहुतेक वेळा पहिला टाका घालायच्या आधीच बिघडते. विरलेलं कापड आत गेलं किंवा थर पसरताना एक सुरकुती राहिली, तर पुढचे चाळीस तास कितीही सुबक धावदोरा घातला तरी ती चूक निघत नाही. म्हणून इथे कापड आणि थर यांबद्दल जास्त लिहिलं आहे, टाक्याबद्दल त्या मानाने कमी.

आधी वेळेचा अंदाज घेऊ. नागपुरात या कामाला ऋतूच क्रम लावून देतो. कापड धुणं, उन्हात कडक वाळवणं आणि थर लावणं मृगाच्या आत उरकावं. मे महिन्याच्या उन्हात साडी तासाभरात खडखडीत वाळते. जुलैत तीच साडी दोन दिवस दमट राहते आणि दमट कापडाचे चार थर एकत्र टाचले की आत बुरशी धरते, कुबट वास बसतो आणि तो नंतर धुऊनही जात नाही. पावसाळ्याचे दिवस बसून टाके घालायला चांगले. दिवाळीपर्यंत कडा पूर्ण झाल्या की डिसेंबर-जानेवारीच्या रात्रींना गोधडी तयार. इथली थंडी थोडेच दिवस असते, पण असते तेव्हा खरी असते. २०१८ च्या डिसेंबरअखेरीस पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता.

कापड कोणतं

सुती, वापरून मऊ झालेलं, पण अजून दम असलेलं. साडी खिडकीशी धरून उजेडात पाहा. जिथे उजेड जाळीसारखा आरपार दिसतो तिथलं सूत विरलं आहे. मग दोन्ही अंगठे एकमेकांजवळ ठेवून कापड बेताने ताणा, एकदा उभं, एकदा आडवं. ‘चर्र’ असा आवाज आला की तो भाग बाद. सहावारी बहुधा खालच्या कडेला टाचेशी झिजते आणि पदरावर पिनेची भोकं असतात. नऊवारी बसण्याच्या जागी विरते. मधला भाग गेला असेल तर साडी टाकू नका. विरलेला पट्टा कापून काढा आणि दंड घाला, म्हणजे दोन चांगली टोकं एकमेकांना जोडा. गोधडीत तो जोड कुणाला दिसतही नाही.

सुती की मिश्र, अशी शंका असेल तर एक धागा उसवून चिमट्यात धरा आणि स्टीलच्या ताटलीवर जाळा. सुताची मऊ राख होते, कागद जळाल्यासारखा वास येतो. पॉलिस्टर वितळून त्याची कडक गुठळी होते. मिश्र कापड मोठ्यांच्या गोधडीत एखाद्या थराला चालून जाईल, पण ते सुतासारखं आटत नाही. पहिल्या धुण्यानंतर सुती थर आखडतो, हा तसाच राहतो आणि गोधडीवर कायमच्या चुण्या पडतात. लेकराच्या दुपट्यात तर असं कापड नकोच.

जीन्स नको. तिच्यातून सुई जात नाही आणि बाजूचं मऊ कापड तिच्या भाराने फाटतं. दाट विणीच्या नव्या चादरीही टाळा, बोटं सोलून निघतात. जुनी धोतरं मात्र मधल्या थराला उत्तम.

खालच्या थराला साडी कमी पडली तर गांधीबाग किंवा इतवारीतल्या कापडाच्या दुकानांतून मांजरपाट आणता येईल. नवं मांजरपाट चांगलंच आटतं, म्हणून रात्रभर पाण्यात भिजवून, धुऊन, वाळवून मगच मापाला घ्या.

रंगाची परीक्षा चुकवू नका. पांढरा रुमाल ओला करून लाल, मरून, गर्द निळ्या भागावर जोरात घासा. रुमालाला रंग लागला तर ती साडी पाणी स्वच्छ निघेपर्यंत वेगळी धुवा. मिठाच्या पाण्यात बुडवून रंग पक्का होतो, या भरवशावर राहू नका; सुटणारा जुना रंग त्याने थांबत नाही. चार-पाच धुण्यांनंतरही रंग जात असेल तर ती साडी पायपुसण्याला ठेवा.

आणि घरातली जुनी साडी कापायच्या आधी जिची आहे तिला विचारा. आजीच्या कपाटात तळाशी ठेवलेली साडी सहसा विसरून गेलेली नसते, जपून ठेवलेली असते.

माप आणि हिशेब

तयार गोधडी १५० × २०५ सेंटिमीटर, म्हणजे साधारण पाच फूट बाय पावणेसात फूट, एका माणसाला पुरेशी. चार थर धरले आहेत. ‘कूलर लावला की पहाटे गारठतं’ एवढ्यासाठीच हवी असेल तर दोन थर पुरे. सहाच्या वर हाताची सुई चालत नाही.

सहावारी साधारण साडेपाच मीटर लांब आणि ११५ सेंटिमीटर पन्ह्याची असते. लांबीत १५५ सेंटिमीटरचे तीन तुकडे निघतात आणि ८५ सेंटिमीटरचा एक उरतो. गोधडीच्या एका थराला दोन तुकडे लागतात, चार थरांना आठ. तीन साड्यांतून नऊ निघतात. नऊवारी असेल तर एकीतूनच पाच तुकडे मिळतात.

वरच्या आणि खालच्या थरासाठी दोन्ही बाजूंचे काठ काढून टाका; मग पन्हा साधारण १०५ राहतो. दोन तुकडे एक-एक सेंटिमीटर दाबून मशीनवर जोडले की २०८ सेंटिमीटर लांबी मिळते. शिवण उघडून इस्त्री करा. मधल्या दोन थरांना काठ साधे असतील तर राहू द्या, जरीचे असतील तर काढाच. जरीत सुई अडकते आणि झिजलेली जर टोचते. मधल्या थरात एक तुकडा पूर्ण ११५ चा आणि दुसरा ९५ चा घ्या, तीन सेंटिमीटर एकावर एक चढवा, शिवू नका. दुसऱ्या मधल्या थरात हेच उलट बाजूने करा. असं केल्याने चारही थरांचे जोड एका रेषेत येत नाहीत. एकाच रेषेत आले तर तिथे जाड कणा तयार होतो, सुई मोडते आणि पाठीला तो कणा टोचतो.

सगळ्या थरांत साडीची लांबी एकाच दिशेला हवी. उभा आणि आडवा धागा सारखा आटत नाही.

थर लावणं

हे काम सकाळी करा, पंखा आणि कूलर बंद ठेवून. वाऱ्याने वरचा थर हलतो. फरशी पुसून पूर्ण कोरडी होऊ द्या. सोबत आणखी एक माणूस हवा, चार कोपरे एकट्याने धरता येत नाहीत. आठ-दहा वर्षांचं लेकरूही पुरतं.

खालचा थर उलटी बाजू वर करून पसरा. चारही बाजूंना दर वीतभर अंतरावर कागदी चिकटपट्टी लावून फरशीला धरवा. कापड सपाट व्हावं, ताणलं जाऊ नये. इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. ताणून चिकटवलेला थर पट्टी काढताच आखडतो, वरचे तीन थर सैल पडतात आणि एका बाजूने सुंदर दिसणारी गोधडी दुसऱ्या बाजूने चुरगळलेली निघते.

दुसरा थर अलगद ठेवा आणि तळहाताने मधून कडेकडे सारवल्यासारखं फिरवत हवा बाहेर काढा. कडेकडून मध्ये हात नेला तर फुगा मध्येच अडकतो. तिसरा, चौथा थर तसाच. वरचा थर सुलट बाजू वर.

मग कच्चे टाके. सगळ्यांत वेगळ्या रंगाचा दोरा घ्या, म्हणजे नंतर काढताना दिसेल. बरोबर मध्यातून सुरुवात करून चार बाजूंना चार ओळी, मग मध्यातून चार कोपऱ्यांना तिरप्या चार, आणि उरलेल्या जागेत दर १५ सेंटिमीटरला एक ओळ. टाका पाच-सात सेंटिमीटर लांब असला तरी चालतो. सेफ्टी पिनांनीही हे होतं, वीतभर अंतराने ७० च्या आसपास लागतील. पण घरात रांगणारं लेकरू असेल तर पिना नकोत. वापरल्याच तर किती लावल्या ते कागदावर लिहा आणि काढल्यावर मोजा.

आता पट्टी काढा आणि गोधडी उलटून पाहा. खालच्या थरावर चुणी दिसली तर तेवढे कच्चे टाके उसवून पुन्हा घाला. अर्धा तास जाईल, पण ही दुरुस्तीची शेवटची संधी आहे.

टाके

पाच-सहा सेंटिमीटर लांब, मोठ्या नेढ्याची सुई घ्या. दाभण नको, त्याची भोकं राहतात. मधल्या बोटात अंगुस्तान घाला. दोरा सुतीच हवा: पॉलिस्टरचा दोरा तुटत नाही, पण वर्षभरात जुन्या कापडाला चिरत जातो. गोधडीत दोरा तुटलेला परवडतो, तो पुन्हा घालता येतो. भरतकामाची सहापदरी लडी वापरत असाल तर तीन पदर घ्या. आठ मीटरच्या लडीतून तीन पदरांचा १६ मीटर दोरा मिळतो.

ओळींमध्ये अडीच सेंटिमीटर अंतर ठेवलं तर या मापाच्या गोधडीत सुमारे १२३ मीटर धावदोरा पडतो. टाक्यात जाणारा दोरा आणि टोकं धरून १५० मीटर, म्हणजे दहा लड्या. दीड सेंटिमीटर अंतर ठेवलं तर दोरा आणि वेळ दोन्ही दीडपटीहून जास्त. तासाला तीनेक मीटर टाके या वेगाने पहिला हिशेब चाळीस तासांचा होतो. रोज दीड तास बसलं तर चार आठवडे.

एका वेळी हातभर दोरा ओवा, त्याहून लांब घेतला की गुंता होतो. दोरा मेणावरून एकदा ओढून घ्या. मुलांना दहा सुया आधीच ओवून ठेवायला सांगा, त्यांच्या नजरेला ते सोपं जातं. गाठ थरांच्या आत ओढून घ्या. टाका अर्धा सेंटिमीटर, सुईवर तीन-चार टाके घेऊन मग दोरा ओढा. घट्ट ओढू नका. डावा तळवा खाली असू द्या आणि प्रत्येक सुईला टोक बोटाला लागतंय का पाहा. लागलं नाही तर टाका खालच्या थरात उतरलेलाच नाही.

जुनी रीत कडेपासून सुरू करून चौकोनात चौकोन घालत आत जाण्याची आहे, आणि दिसायला तीच सगळ्यात देखणी. पण तिच्यात कापडाचा सैलपणा आत सरकत जाऊन शेवटी मध्ये फुगा येतो. कच्चे टाके दाट असतील तरच ती धरा. पहिलीच गोधडी असेल तर मध्यातून बाहेर या.

रोजचं काम संपलं की गुंडाळून जुन्या उशीच्या खोळीत ठेवा, सुई काढून. स्वयंपाकघरातून आलात तर हात धुऊन बसा. तरीही सावजी रश्श्याची तर्री सांडलीच, तर आधी साबणाने तेल काढा. साबण लागताच हळदीचा डाग लाल होतो. घाबरू नका, नुसत्या पाण्याने खळबळा आणि कडक उन्हात ठेवा. हळद उन्हाने उडते.

कडा

टाके घालताना थर एक-दोन सेंटिमीटर इकडेतिकडे सरकतात, म्हणून कडा शेवटी. १५० × २०५ ला सरळ रेषेत कापून घ्या. घेर ७१० सेंटिमीटर भरतो. उरलेल्या ८५ सेंटिमीटरच्या एका तुकड्यातून सहा सेंटिमीटर रुंद, पन्ह्याइतक्या लांब आठ पट्ट्या काढून जोडा. तिरप्या कापायची गरज नाही. मशीनने वरच्या बाजूला लावून, मागे उलटवून हाताने तुरपाई करा.

दुपटं

आता हाताशी ८५ सेंटिमीटरचे दोन तुकडे आणि नववा मोठा तुकडा उरला आहे. मोठ्यातून त्याच मापाचा तिसरा कापला की ८५ × १०५ चं तीन थरी दुपटं होतं. टाके दोन सेंटिमीटरवर, गाठी सगळ्या आत. मणी, गोंडे, टिकल्या लावू नका, लेकरू ते तोंडात घालतं. ठेवताना डांबरगोळ्या मुळीच नकोत, त्यांची वाफ तान्ह्या बाळाला बाधते. कडुलिंबाचा वाळलेला पाला चालतो, तोही वापरण्याआधी झटकून आणि दुपटं धुऊन.

धुणं आणि ठिगळ

हिवाळा संपला की एकदा धुवा, थंड पाण्यात, सौम्य साबणाने. ओली गोधडी फार जड होते, एका दोरीवर लटकवली तर टाके ओढले जातात. दोन दोऱ्यांवर आडवी टाका आणि दुपारी उलटा. गडद रंगाची बाजू खाली ठेवली तर रंग जास्त टिकतो.

वरचा थर कुठे विरलाच तर भोक पडेपर्यंत थांबू नका. विरलेल्या जागेपेक्षा चारही बाजूंनी तीन सेंटिमीटर मोठं ठिगळ घ्या, तेही वापरून मऊ झालेल्या कापडाचं. नवं कडक ठिगळ आपल्या कडेला जुनं कापड कापत जातं. कडा आत दुमडून तुरपाई करा आणि त्यावरून मूळ ओळींच्या रेषेतच धावदोरा चारही थरांतून पुढे न्या.