दुचाकी अपघातात जखमी झालात? मिटवामिटवीची घाई नको

जागेवर दहा-वीस हजार घेऊन ‘पोलीस नको’ म्हणणं सगळ्यात महागात पडतं. एफआयआर नसेल तर विमा कंपनी पहिला प्रश्न विचारते: अपघात झालाच कशावरून?

समोरच्या गाडीच्या नंबरप्लेटचा फोटो काढा. गोव्यात भाड्याच्या दुचाकीला काळी पाटी, पिवळी अक्षरं असतात. पांढऱ्या पाटीची खाजगी स्कूटर पर्यटकाला भाड्याने दिलेली निघाली, तर पॉलिसीची अट मोडली म्हणून विमा कंपनी हात वर करू बघते. म्हणून दाव्यात चालक, मालक आणि विमा कंपनी तिघांनाही प्रतिवादी करा.

गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) नेलं असेल तर केसपेपर, एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा. औषधांची मूळ बिलंही.

खरी रक्कम ठरते अपंगत्वावर, आणि इथेच लोक चुकतात. अपंगत्वाच्या दाखल्यावरची टक्केवारी आणि कमाईतली घट एकच नसते. समजा, 30 वर्षांचा मोटरसायकल पायलट (दुचाकी टॅक्सीवाला) महिना 20,000 कमावतो. गुडघ्याचं अपंगत्व 15 टक्के धरलं तर 20,000 × 12 × 15 टक्के × 17 (त्या वयाचा गुणक) म्हणजे 6,12,000 रुपये. पण गुडघा वाकत नसल्याने धंदा 30 टक्के घटला हे सिद्ध केलं, तर 12,24,000. उपचारखर्च आणि वेदनांची भरपाई वेगळी. डॉक्टरांची साक्ष टाळू नका, नुसता दाखला पुरत नाही.

दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 खाली. 2019 च्या दुरुस्तीत मुदत सहा महिन्यांची आहे. प्लास्टर निघायची वाट बघत बसू नका.