जपानमध्ये राहताना शिकोकूची ८८ मंदिरे दोघांनी टप्प्याटप्प्याने कशी करावीत

नोकरीच्या निमित्ताने जपानमध्ये राहणाऱ्या दांपत्याला तो देश जवळून पाहायचा असेल, तर मोठ्या शहरांच्या एक-दोन सहली कमी करून शिकोकू बेटावरील ८८ मंदिरांची परिक्रमा हाती घ्यावी, असे मी आग्रहाने सुचवीन. कूकाई (७७४–८३५), म्हणजेच कोबो दाइशी, या शिंगोन नावाच्या बौद्ध पंथाच्या आचार्यांशी जोडलेली ही वाट सुमारे १,२०० किलोमीटरची आहे. सलग पायी चालल्यास सहा-सात आठवडे लागतात आणि तेवढी रजा सहसा मिळत नाही. तुकड्यातुकड्याने परिक्रमा करण्याला जपानीत ‘कुगिरी-उची’ असे स्वतंत्र नावच आहे, त्यामुळे त्यात काही कमीपणा मानू नये.

पहिल्या टप्प्यासाठी तीन दिवस पुरतात. ओसाकाहून बसने तोकुशिमाला जावे आणि तेथून रेल्वेने बान्दो स्थानकावर उतरावे. पहिले मंदिर र्योझेनजी तेथून चालत जाण्याइतके जवळ आहे. पहिली दहा मंदिरे सुमारे तीस किलोमीटरमध्ये आहेत. अकराव्याहून बाराव्याकडे, म्हणजे शोसानजीकडे, जाणारी डोंगरवाट मात्र पहिल्या खेपेला घेऊ नये. आम्ही उत्साहाच्या भरात ती घेतली आणि शेवटच्या चढावर दोघांपैकी कोणालाही बोलण्याचे त्राण उरले नाही. एप्रिलअखेरच्या सलग सुट्ट्यांत मुक्कामाच्या जागा आधीच भरलेल्या असतात, म्हणून तो आठवडा टाळावा.

पांढरा अंगरखा, काठी आणि शिक्क्यांची वही पहिल्या मंदिरातच मिळते. वही दोघांत एकच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रत्येक मंदिरात पैसे देऊन तीत तांबडे शिक्के उमटवून घेतात आणि त्यांवर कुंचल्याने अक्षरे लिहून घेतात. त्या वेळी दोघांनी शेजारी उभे राहून ओली शाई वाळताना पाहावी. शिक्क्याची खिडकी सायंकाळी पाचला बंद होते, त्यामुळे दिवसाचा हिशेब त्या वेळेवरून उलटा मांडावा. काठी हे कोबो दाइशींचेच रूप मानले जाते, म्हणून मुक्कामी पोहोचताच आधी काठीचे टोक धुवावे, मग आपले पाय. पुलावरून जाताना ती जमिनीवर टेकवू नये. अंगरख्यावर ‘दोग्यो निनिन’, म्हणजे ‘वाटेवर दोघे’, असे लिहिलेले असते. यातले दोघे म्हणजे यात्रेकरू आणि आचार्य. पती-पत्नी बरोबर चालत असली तरी दोघांच्याही पाठीवर तेच शब्द राहतात.

मंदिरात शिरताना दारात वाकून नमस्कार करावा, हात धुवावेत, मेणबत्ती आणि तीन उदबत्त्या लावाव्यात (दुसऱ्याच्या ज्योतीवरून आपली मेणबत्ती पेटवू नये) आणि मुख्य मंदिरात नावाची चिठ्ठी पेटीत टाकून ‘हान्या शिंग्यो’ हे बौद्ध सूत्र म्हणावे. मग त्याच आवारातील आचार्यांच्या मंदिरात हेच पुन्हा करावे. मराठी माणसाने येथे कान देऊन ऐकावे. पठणाच्या शेवटी ‘ग्यातेइ ग्यातेइ हारा ग्यातेइ’ असे शब्द येतात. तिसऱ्या मंदिरात माझ्या पतींनी एकदम माझा हात धरला आणि हळूच म्हणाले, “अगं, गते गते पारगते!” ते प्रज्ञापारमिताहृदयसूत्रच होते. त्यानंतर काठीच्या माथ्यावरची वळणदार अक्षरेही आम्ही निरखून पाहिली. ती सिद्धम् या जुन्या भारतीय लिपीतील संस्कृत बीजाक्षरे आहेत. वर्षभर परक्या वाटलेल्या मंदिरांत मला त्या दिवशी प्रथमच ओळखीचे माणूस भेटल्यासारखे वाटले.

वाटेत गावकरी फळ, चहा, कधी थोडे पैसेही देतात. याला ‘ओसेत्ताइ’ म्हणतात. हे दान आचार्यांनाही पोहोचते अशी देणाऱ्याची श्रद्धा असते, म्हणून ते नाकारू नये. दोन्ही हातांनी घ्यावे आणि आपल्या नावाची चिठ्ठी द्यावी. एका म्हातारबाईंनी आम्हाला दोन संत्री दिली आणि आमची चिठ्ठी दोन्ही तळव्यांत धरून कपाळाला लावली. अशा प्रसंगांसाठी चिठ्ठ्या आदल्या रात्री दोघांनी बसून लिहून ठेवाव्यात, कारण रस्त्यात उभ्याने लिहिताना देणाऱ्याला ताटकळावे लागते.

टप्पा संपेल तेथील मंदिराचा क्रमांक आणि जवळचे स्थानक टिपून ठेवावे, म्हणजे पुढची खेप तेथूनच सुरू करता येते. अठ्ठ्याऐंशीवे मंदिर, ओकुबोजी, झाल्यावर शिकोकूबाहेरील कोयासान पर्वतावर आचार्यांच्या समाधिस्थानी जाऊन आभार मानण्याची प्रथा आहे. वहीत त्यासाठी एक पान राखलेले असते, ते तोवर कोरे ठेवावे.