पेरिटोनियम हातानं शिका: फर्स्ट इयरच्या मुलामुलींसाठी

"बेंबीच्या देठापासून ओरडू नकोस," असं आई लहानपणी दटावायची. तो देठ खरोखरच असतो, हे मला डिसेक्शन हॉलमध्ये कळलं. पोटाची पुढची भिंत उचलली की बेंबीपासून वर यकृताकडे जाणारी विळ्याच्या आकाराची एक पातळ घडी दिसते. ती फॅल्सिफॉर्म लिगामेंट. तिची मोकळी कड चिमटीत धरून चाचपली की आत दोरीसारखं काहीतरी लागतं, ते लिगामेंटम टेरेस. आपण आईच्या पोटात असताना नाळेतून रक्त आणणारी डावी अम्बिलिकल व्हेन जन्मानंतर बंद होते आणि तिचा हा दोर उरतो. त्या दिवशी ते नाव मला पाठ करावं लागलं नाही आणि पुढे कधी विसरलंही नाही. बाकीचा पेरिटोनियम, म्हणजे पोटाला आतून आणि अवयवांवर असलेलं पातळ अस्तर, मात्र मी पाठ करायला गेले आणि तिथेच चुकले.

मी आज जनरल सर्जन आहे. पीजीच्या आधी दीड वर्ष अ‍ॅनाटॉमीत ट्यूटर होते. त्यामुळे हा विषय मी विद्यार्थिनी म्हणून, शिकवणारी म्हणून आणि रोज हात घालणारी म्हणून असा तिन्ही बाजूंनी पाहिला आहे. अ‍ॅब्डॉमेन सुरू झालं की हुशार मुलंही याच प्रकरणाशी अडखळतात. चूक त्यांच्या बुद्धीची नसते. तीन मितींतली घडी कागदावरच्या रेघांतून शिकायला गेलं की असंच होतं.

माझी चूक आधी सांगते. प्रिलिमच्या वायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, "एपिप्लॉइक फोरामेन दाखव." स्टमकच्या मागच्या बंदिस्त जागेत जाणारं ते दार. मी बोट आत घातलं आणि त्याच्या सीमा घडाघडा म्हटल्या: पुढे हेपॅटोड्युओडेनल लिगामेंट, मागे इन्फिरिअर व्हेना कॅव्हा, वर कॉडेट लोब, खाली ड्युओडेनमचा पहिला भाग. एकही चुकली नाही. सरांनी शांतपणे विचारलं, "सगळं बरोबर आहे. पण बाळ, तुझं बोट कुठे आहे?" माझं बोट लेसर ओमेंटमला, म्हणजे यकृत आणि स्टमक यांच्यामधल्या घडीला, आमच्याच बॅचकडून पडलेल्या भोकात होतं. शब्द बरोबर, जागा चूक. सर्जरीत यातली जागाच महत्त्वाची असते.

म्हणून सुरुवात नावांनी करू नका. पहिली गोष्ट मनात पक्की करा: पेरिटोनियल कॅव्हिटीच्या आत अवयव नसतात. भिंतीला आतून लागलेला थर पॅरायटल, अवयवांवर चढलेला थर व्हिसरल, आणि या दोघांमधली जी फट तीच कॅव्हिटी. निरोगी माणसात त्या फटीत जेमतेम 50 मिलीलिटर द्रव असतो, पाऊण कप चहाएवढा सुद्धा नाही. अवयव त्या पिशवीत बाहेरून घुसलेले असतात. फुग्यात मूठ खुपसल्याचं उदाहरण सगळे देतात आणि ते ठीक आहे, फक्त हवेनं फुगलेला फुगा डोळ्यांपुढे आणू नका. खऱ्या पोटात पोकळी दिसत नाही. ओले थर एकमेकांवर चिकटून सरकत असतात. एक अपवाद लक्षात ठेवा, तो नक्की विचारतात: ओव्हरी. तिच्यावर हा थर चढत नाही, म्हणून बीज थेट कॅव्हिटीत पडतं आणि ट्यूब ते उचलून घेते. पुरुषांत ही पिशवी पूर्ण बंद असते. बायकांत ट्यूबच्या तोंडाशी ती उघडी असते, आणि खालून चढणारं इन्फेक्शन त्याच वाटेनं पोटात पोचतं.

आता मेसेंटरी, छोट्या आतड्याला पोटाच्या मागच्या भिंतीशी जोडणारी घडी. ती मला पुस्तकानं नाही, निऱ्यांनी शिकवली. ट्रॅडिशनल डेला रूममेट साडी नेसत होती. निऱ्या सुटत होत्या म्हणून तिनं मला त्या धरायला लावल्या. माझ्या मुठीत वरची कड, सगळी एकावर एक दाबलेली, आणि खाली तीच कड पंख्यासारखी पसरलेली. मी मूठ जरा डावीउजवीकडे केली की खालचा सगळा घोळ झुलायचा. मेसेंटरी अगदी अशीच आहे. छोटं आतडं साधारण 6 मीटर, म्हणजे सहावारी साडीपेक्षा थोडं जास्तच. आणि ते मागच्या भिंतीला जिथे खोचलेलं आहे ती मुळाची रेघ फक्त 15 सेंटिमीटर, वीतभरही नाही. ही रेघ दुसऱ्या लम्बर मणक्याच्या डावीकडून, ड्युओडेनोजेजुनल फ्लेक्शरपाशी (ड्युओडेनम संपून जेजुनम सुरू होतं ते वळण) सुरू होते आणि तिरकी उतरत उजव्या सॅक्रोइलिअ‍ॅक जॉइंटपर्यंत जाते. वाटेत ड्युओडेनमचा तिसरा भाग, एओर्टा, व्हेना कॅव्हा आणि उजवा युरेटर ओलांडते. निऱ्यांच्या दोन पदरांमध्ये सुपिरिअर मेसेंटेरिक रक्तवाहिन्या, लिम्फ नोड्स आणि चरबी.

हे चित्र डोक्यात असलं की पुढचं आपोआप समजतं. गर्भात आतडं पोटाबाहेर जाऊन परत आत येईपर्यंत एकूण 270 अंश घड्याळाच्या उलट दिशेनं वळतं. ते वळण अर्धवट राहिलं तर मूळ लांब तिरकं न राहता अरुंद होतं. चार बोटांऐवजी एका बोटावर निऱ्या धरल्यासारखं. मग सगळा घोळ स्वतःभोवती पिळतो आणि मधल्या रक्तवाहिन्याही त्याच्याबरोबर पिळल्या जातात. तान्ह्या बाळाला हिरवी उलटी झाली की सर्जन धावत का येतो, याचं उत्तर या 15 सेंटिमीटरमध्ये आहे.

हल्ली एक भर पडली आहे. 2016 मध्ये आयर्लंडच्या लिमरिकमधल्या कॉफी आणि ओ'लिअरी यांनी मेसेंटरी ही तुकड्यातुकड्यांची नसून फ्लेक्शरपासून रेक्टमपर्यंत सलग असते, अशी मांडणी केली आणि तिला अवयव मानावं असं म्हटलं. पोट उघडून पाहणाऱ्याला ही सलगता दिसतेच. परीक्षेत असेंडिंग आणि डिसेंडिंग कोलन रेट्रोपेरिटोनियल, म्हणजे पेरिटोनियमच्या मागचे, म्हणूनच लिहा, पण टेबलवर त्यांच्यामागचा थर बोटानं अलगद सुटतो का ते बघा. कोलनची ऑपरेशनं त्याच थरातून होतात.

लिगामेंट या शब्दानं पहिल्या वर्षी खूप घोळ होतो. अप्पर लिंब आणि लोअर लिंबमध्ये लिगामेंट म्हणजे चिवट पट्टा, ताणला तरी सहजी न तुटणारा. पोटात लिगामेंट म्हणजे नुसती पेरिटोनियमची दुहेरी घडी, एका अवयवाकडून दुसऱ्याकडे किंवा भिंतीकडे गेलेली. काही तर इतक्या तलम असतात की त्यातून पलीकडचं दिसतं. (लिगामेंट ऑफ ट्राइट्झ मात्र यातलं नाही. ते स्नायू आणि फायबर्सचं आहे, नावाला फसू नका.) प्रत्येक घडीला दोनच प्रश्न विचारा: तू कुणाला कुणाशी जोडतेस? आणि तुझ्या पोटात काय आहे? दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा मोलाचा. स्प्लीनच्या दोन घड्या घ्या. गॅस्ट्रोस्प्लेनिकमध्ये शॉर्ट गॅस्ट्रिक रक्तवाहिन्या, लायनोरीनलमध्ये (स्प्लीन ते किडनी) स्प्लेनिक रक्तवाहिन्या आणि पॅन्क्रियाजचं शेपूट. स्प्लीन काढताना लायनोरीनल घाईनं क्लॅम्पमध्ये घेतलं तर ते शेपूटही चिमटतं आणि पोटात पॅन्क्रियाजचा रस गळत राहतो.

या घड्या आल्या कुठून ते एका ओढणीनं करून बघा. पोटाच्या, म्हणजे स्टमकच्या, पुढे एक घडी आणि मागे एक घडी. पुढच्या घडीत यकृत वाढतं आणि तिचे दोन भाग होतात: यकृताच्या पुढचा फॅल्सिफॉर्म, मागचा लेसर ओमेंटम. मागच्या घडीत स्प्लीन वाढते, तिचेही दोन भाग: गॅस्ट्रोस्प्लेनिक आणि लायनोरीनल. मग स्टमक 90 अंशांत वळतं, यकृत उजवीकडे आणि स्प्लीन डावीकडे जाते, आणि स्टमकच्या मागे एक खोली अडकून राहते. तीच लेसर सॅक. एम्ब्रिऑलॉजी नंतर वाचू म्हणून सोडणाऱ्यांना मी कळकळीनं सांगते, इथे ती आधी वाचा. दोन संध्याकाळी जातील, पण पुढचे दोन महिने सोपे होतील.

त्या खोलीचं दार म्हणजे माझ्या वायवातलं एपिप्लॉइक फोरामेन. पॅरिसमध्ये काम करणाऱ्या विन्स्लो यांनी 1732 च्या ग्रंथात त्याचं वर्णन केलं, म्हणून फोरामेन ऑफ विन्स्लो. सापडत नसेल तर गॉलब्लॅडर पकडा. त्याच्या मानेवरून डावीकडे बोट सरकवत न्या, लेसर ओमेंटमच्या उजव्या मोकळ्या कडेमागे ते आपोआप आत जातं. आता अंगठा पुढे ठेवा. बोट आणि अंगठा यांच्यात तीन गोष्टी आहेत: उजवीकडे बाइल डक्ट, डावीकडे हेपॅटिक आर्टरी, दोघांच्या मागे पोर्टल व्हेन. ग्लासगोच्या प्रिंगल यांनी 1908 मध्ये दाखवून दिलं की यकृत फाटून रक्त वाहत असेल तर हीच कड दाबून ते रोखता येतं. माझ्या पहिल्या लिव्हर ट्रॉमाला सरांनी टेबलापलीकडून एवढंच म्हटलं, "प्रिंगल दे." बोट स्वतःच गेलं. ते मी डिसेक्शन हॉलच्या मामांमुळे शिकले होते. त्यांनी वर्षानुवर्षं बॉडी टेबलवर लावल्या होत्या. वायवात फजिती झाल्यावर त्यांनी मला दुपारी हॉल उघडून दिला आणि म्हणाले, "मॅडम, ओढू नका. उचला आणि बघा." पेरिटोनियमसाठी याहून चांगली सूचना मला अजून कुणी दिलेली नाही. तुमच्या टेबलवरच्या त्या माणसानं देह दान केलेला असतो. एकदा फाटलेली घडी पुन्हा दिसत नाही, तुम्हालाही नाही आणि तुमच्या मागच्या बॅचलाही नाही.

आता मोकळ्या जागा. यांची यादी करू नका, पाणी कुठून कुठे जाईल ते बघा. ट्रान्सव्हर्स मेसोकोलन, म्हणजे आडव्या कोलनला मागच्या भिंतीशी जोडणारी घडी, हा आडवा माळा, वरचा मजला आणि खालचा मजला वेगळा करणारा. दोन्ही मजले जोडणारे जिने म्हणजे कोलनच्या बाहेरच्या बाजूचे पॅराकोलिक गटर. उजवा रुंद आणि वरपर्यंत खुला. डावा वर फ्रेनिकोकोलिक लिगामेंटनं अडलेला, स्प्लीन त्याच लिगामेंटवर टेकलेली असते. म्हणून खालचा पू उजव्या बाजूनं सहज डायफ्रामखाली पोचतो. माणूस उताणा झोपला की वरच्या मजल्यावरची सगळ्यात खोल जागा म्हणजे यकृत आणि उजवी किडनी यांच्यातला मॉरिसन्स पाउच. उभा राहिला किंवा बसला की पेल्व्हिस: बायकांत रेक्टम आणि युटेरस यांच्यातला पाउच ऑफ डग्लस, पुरुषांत रेक्टम आणि ब्लॅडर यांच्यातली जागा. अपघाताच्या पेशंटला कॅज्युअल्टीत सोनोग्राफीचा प्रोब पोटावर लावतात तो याच जागांवर: मॉरिसन्स, स्प्लीनभोवती आणि पेल्व्हिस.

रेसिडेन्सीच्या पहिल्या वर्षी रात्री दोनला एक शेतमजूर आला. उजवीकडे खाली दुखतंय, हात लावू देत नाही. मी अपेंडिक्स लिहिलं. सिनिअरनं त्याच्याकडून पुन्हा सगळं ऐकलं: "आधी वर दुखलं, सुरी खुपसल्यासारखं, मग दुखणं खाली उतरलं." उभ्यानं काढलेल्या एक्स-रेत डायफ्रामखाली हवेची चंद्रकोर होती. ड्युओडेनमचा अल्सर फुटला होता आणि आतलं पाणी उजव्या गटरमधून ओघळून अपेंडिक्सपाशी साचलं होतं. याला व्हॅलेंटिनो साइन म्हणतात, 1926 मध्ये अल्सर फुटून गेलेल्या सिनेनटाच्या नावावरून. फर्स्ट इयरला मी ते गटर दोन मार्कांसाठी वाचलं होतं.

दुखण्याचंही तसंच. व्हिसरल थराच्या संवेदना ऑटोनॉमिक नर्व्ह्जमधून जातात, म्हणून दुखणं मोघम आणि मध्यरेषेवर. पॅरायटल थराला भिंतीच्याच नर्व्ह्ज, म्हणून पेशंट एका बोटानं जागा दाखवतो. अपेंडिक्स आधी बेंबीभोवती आणि मग उजवीकडे खाली दुखतं ते यामुळे. आणि डायफ्रामच्या मधल्या भागाला फ्रेनिक नर्व्ह, सी 3, 4, 5. दुर्बिणीतून नसबंदी झालेल्या बायका दुसऱ्या दिवशी हमखास विचारतात, "मॅडम, ऑपरेशन पोटाचं केलं आणि खांदा का दुखतोय?" पोटात भरलेला कार्बन डायऑक्साइड डायफ्रामला टोचतो, आणि खांद्याच्या त्वचेच्या नर्व्ह्जही मानेतल्या त्याच मुळांतून येतात. हे त्यांना समजेल असं सांगता आलं की समजा तुम्हालाही समजलं.

त्या शेतमजुराचं पोट आम्ही पहाटे चारला उघडलं. ग्रेटर ओमेंटम, स्टमकपासून आतड्यांपुढे लोंबणारी चरबीची घडी, आधीच सरकत जाऊन फुटलेल्या जागेभोवती चिकटलं होतं. भोक मसुराच्या डाळीएवढं. ग्रॅहम पॅच नावानं ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीनं ओमेंटमचाच एक लोंबता तुकडा त्यावर ठेवून टाके बांधले. मग सिनिअरनं माझा हात धरून एकेक जागा दाखवली: यकृताच्या वर, मॉरिसन्स, लेसर सॅक, उजवं गटर, डावं गटर, पेल्व्हिस. प्रत्येक ठिकाणी कोमट सलाइन ओतायचं, सक्शननं काढायचं, पाणी नितळ येईपर्यंत पुन्हा ओतायचं. शेवटी त्यांनी उरलेलं ओमेंटम दोन्ही हातांनी हलकेच खाली ओढून पदरासारखं आतड्यांवर पसरलं, आणि मगच पोट शिवायला घेतलं.