जुइश डे स्कूलमधली सहावी: पोर अडखळलं तर काय करायचं

पाचवीपर्यंत सगळं मस्त चाललेलं असतं आणि सहावीत गेल्यावर अचानक पोरगं रोज संध्याकाळी दप्तर फेकून रडायला लागतं. आमच्या घरी झालंय हे, इथे अमेरिकेत न्यू जर्सीतल्या आणखी दोन बेने इस्रायली, म्हणजे आपल्या मराठी ज्यू, घरांतही ऐकलं, म्हणून लिहितेय.

सहावी ते आठवी म्हणजे इथलं मिडल स्कूल, आणि जुइश डे स्कूलमधे, म्हणजे ज्यूंच्या खासगी शाळेत, एका दिवसात दोन शाळा भरतात. एकीकडे गणित, सायन्स, इंग्लिश, दुसरीकडे तेफिला (प्रार्थना), तनाख (हिब्रू बायबल), हिब्रू, मिश्ना (जुन्या धर्मनियमांचा ग्रंथ), काही ठिकाणी गमारा (मिश्नावरची चर्चा) पण. त्यात सप्टेंबर-ऑक्टोबरात रोश हशाना, योम किप्पूर, सुक्कोथ असे लागोपाठ सण, रुटीन बसतच नाही, त्यामुळे पहिल्या मार्कांना घाबरू नका, सण संपल्यावर तीनचार आठवडे जाऊ द्या.

मग नेमकं अडतंय कुठे ते बघा. घरीच करा, तनाखचं अर्धं पान मोठ्याने वाचायला लावा, मग इंग्लिशचं. फक्त हिब्रू अडत असेल तर वाचनाचा सराव कमी पडलाय, रोज दहा मिनिटं पुरतात. यात पोरांचा दोष नसतो हो, लहानपणी हिब्रू काना-मात्रांसकट शिकवतात, म्हणजे निकुद, आणि गमारात ते गायब, भाषा पण बरीचशी अरामी. राशी नावाच्या जुन्या भाष्यकाराची टीका तर वेगळ्याच लिपीत छापलेली, बाळबोध येणाऱ्याला मोडी दिल्यासारखं! पण दोन्ही भाषांत अडत असेल तर मात्र शिकण्यातल्या अडचणींचं टेस्टिंग करून घ्या, थांबू नका.

शाळेत आधी अॅडव्हायझरला (पोरावर लक्ष ठेवणाऱ्या टीचरला) ईमेल करा, मग लर्निंग स्पेशालिस्टची (शिकायला अडणाऱ्या पोरांना मदत करणाऱ्या तज्ज्ञाची) मीटिंग मागा. तिथे एक प्रश्न विचाराच: जादा वेळ वगैरे जी सवलत देताय ती हिब्रू आणि तनाखच्या तासालाही आहे ना? आमच्याकडे गणिताला जादा वेळ मिळत होता आणि हिब्रूच्या टीचरला चार महिने पत्ताच नव्हता.

खासगी शाळा आहे म्हणून सरकारी मदत नाही असं समजू नका. टेस्टिंग पब्लिक स्कूल डिस्ट्रिक्टकडून (इथल्या सरकारी शाळांच्या स्थानिक विभागाकडून) फुकट होऊ शकतं, फक्त लेखी मागा आणि शाळा ज्या डिस्ट्रिक्टमधे आहे तिथे मागा, आपलं घर जिथे आहे तिथे नाही, इथेच बरेच जण चुकतात. न्यू जर्सीत शाळेच्या ऑफिसात १९२-१९३ सर्व्हिसेसचा, म्हणजे खासगी शाळेतल्या पोरांना मिळणाऱ्या सरकारी मदतीचा, फॉर्म मागा. मात्र पब्लिक स्कूलमधला आयईपी (पोरासाठी लेखी ठरवलेला खास मदतीचा आराखडा) इथे जसाच्या तसा लागू होत नाही, मदत त्यापेक्षा कमीच मिळते.

बार मिट्झवा, म्हणजे धर्माने वयात येण्याचा विधी, मुलांचा तेराव्या वर्षी, मुलींचं बारा किंवा तेरा, म्हणजे तयारी ऐन सहावी-सातवीत. तारीख अॅडव्हायझरला आधीच सांगून ठेवा, त्या महिन्यात होमवर्क थोडं हलकं करतात. आणि आपल्या आजीने शिकवलेली प्रार्थनेची चाल शाळेतल्या अश्केनाझी (युरोपातल्या ज्यूंच्या) चालीशी जुळत नाही हेही सांगा, नाहीतर पोराला वाटतं आपण चुकतोय.

शनिवारी शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा दिवस, लिहायचं नाही, हिवाळ्यात शुक्रवारी शाळा लवकर सुटते, म्हणजे सगळं रविवारवर येतं. आम्ही शुक्रवारी दुपारी जेवण झाल्या झाल्या निदान गणित उरकून घेतो, मग रविवारी फक्त तनाख राहतं.